८५ मिमीची महागडी लेन्स: जादा पैसे नेमके कशाचे?

तुळशीचं लग्न झालं की साताऱ्यातल्या मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात. त्याच सुमारास नव्या फोटोग्राफरच्या डोक्यात माणसांच्या फोटोंसाठीची ८५ मिमी एफ/१.४ नाहीतर एफ/१.२ लेन्स घोळायला लागते. (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्सची उघड, म्हणजे अपर्चर, मोठी.) एकाच कंपनीची ८५ मिमी एफ/१.८ आणि तिची वरच्या श्रेणीतली बहीण यांच्या किमतीत साधारण तिप्पट ते पाचपट फरक असतो. फोटोत मात्र एवढा फरक सरसकट दिसत नाही. दोन्ही लेन्स एफ/२.८ वर नेऊन फोटो काढले आणि अल्बमच्या मापात छापले, तर कुठला कुणाचा हे सांगताना मुरलेला माणूसही अडखळतो. जादाचे पैसे जवळजवळ सगळे एफ/१.२ ते एफ/२ एवढ्या पट्ट्यासाठी जातात. तुमचं किती काम त्या पट्ट्यात होतं, हे आधी शोधायचं आणि मग दुकानात जायचं.

पहिली पायरी: जुने फोटो मोजा

गेल्या सीझनमध्ये गिऱ्हाइकाच्या अल्बममध्ये गेलेले फोटो काढा. टाकून दिलेले नकोत, कारण टाकलेल्या फोटोंना पैसे मिळत नाहीत. लाइटरूम क्लासिकच्या लायब्ररीत वरच्या फिल्टर पट्टीवर 'मेटाडेटा' निवडलं की रकाने उघडतात. त्यांत लेन्स, फोकल लेंग्थ (मिमीचा आकडा), अपर्चर आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) लावा. प्रत्येक आकड्यापुढे किती फोटो आहेत ते लगेच दिसतं. लाइटरूम नसेल तर डिजिकॅम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अपर्चर, लेन्स असा शोध घेऊन फोटो मोजता येतात.

फुल फ्रेम बॉडी (३६ बाय २४ मिमी सेन्सरचा कॅमेरा) असेल तर ७० ते १०५ मिमीच्या दरम्यान किती फोटो पडतात ते पाहा. लहान सेन्सरच्या क्रॉप बॉडीवर हाच पट्टा साधारण ४६ ते ७० मिमी असतो. त्यानंतर अपर्चर. तुमच्याकडे आज ५० मिमी एफ/१.८ आहे आणि तिच्यावरचे फोटो बहुतेक एफ/२.८ ते एफ/४ वर निघालेत, तर एफ/१.२ घेऊन तुम्ही अचानक १.२ वर काम करू लागाल असं समजू नका. अपर्चर सवयीने ठरत नाही, कामाने ठरतं. बोहल्यावर नवरा-नवरी, मागे मामा, बाजूला करवली असा चार जणांचा फोटो कोणी १.२ वर काढत नाही.

कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवालेच इथे अडतात. १८-५५ ची लेन्स ५५ वर एफ/५.६ च्या पुढे उघडतच नाही, म्हणून अपर्चरचा रकाना काही सांगत नाही. त्यांनी क्रॉप बॉडीवर आधी साधी ५० मिमी एफ/१.८ वापरावी. ती फुल फ्रेमवरच्या ७५-८० मिमीसारखं दृश्य देते, किंमतही हलकी. एक सीझन तिच्यावर काढला की वरचा हिशेब करता येतो.

दुसरी पायरी: जागा मोजा, टेप घेऊन

लेन्स पारखताना बहुतेक लोक शार्पनेस बघतात आणि खोली बघायची राहते. फुल फ्रेमवर, कॅमेरा उभा धरून, माणूस डोक्यापासून पायापर्यंत थोड्या मोकळ्या जागेसह बसवायचा, म्हणजे सुमारे २.१ मीटर उंचीची चौकट. ८५ मिमीने त्यासाठी ५ मीटर मागे जावं लागतं. तीच लेन्स १.५ क्रॉपच्या बॉडीवर लावली तर साडेसात मीटरच्या पुढे. नवरीच्या तयारीची खोली १० बाय १२ फूट असते, म्हणजे लांब बाजूनेही जेमतेम साडेतीन मीटर. तिथे ८५ मिमीने कंबरेपर्यंतचे फोटो छान येतील (दोन मीटरवरून चौकट सुमारे ८५ सेंटीमीटर उंचीची मिळते), पण पूर्ण शालू दाखवायला पाठ भिंतीला टेकली तरी जागा पुरणार नाही.

घरगुती हळद, साखरपुडा, बारसं अशीच कामं जास्त असतील तर ३५ किंवा ५० मिमीवर पैसे घालणं शहाणपणाचं. प्री-वेडिंगला मेणवलीचा घाट, पाचगणीचं टेबललँड, यवतेश्वरचा घाटरस्ता अशा मोकळ्या जागा असतात. तिथे ८५ सुखाने वावरते. कासला फुलांत पाय टाकता येत नाही, वाटेवरूनच फोटो काढायचे असतात, त्यामुळे थोडी लांब लेन्स सोयीचीच पडते. फक्त एवढं ध्यानात ठेवा की बहुतेक ८५ मिमी लेन्स ८० सेंटीमीटरच्या अलीकडे फोकस करत नाहीत. फुलाचा जवळून फोटो हवा असेल तर कॅननची आरएफ ८५ मिमी एफ/२ मॅक्रो ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते, आणि ती महागड्या लेन्सांच्या यादीतली नाही.

तिसरी पायरी: पातळ फोकस किती पातळ, ते समजून घ्या

खाली दिलेले आकडे फुल फ्रेमवरच्या ८५ मिमीचे आहेत. नेहमीच्या मापाची प्रिंट नेहमीच्या अंतरावरून पाहिली तर जेवढा भाग शार्प वाटतो, तेवढ्याची ही जाडी आहे. पडद्यावर शंभर टक्के झूम करून पाहिलंत तर याहून पातळ दिसेल.

दोन मीटरवर, म्हणजे कंबरेपर्यंतच्या फोटोत, एफ/१.८ वर साडेपाच-पावणेसहा सेंटीमीटर, एफ/१.४ वर साडेचार, एफ/१.२ वर चारच्या किंचित आत. एक मीटरवर, म्हणजे फक्त चेहरा, एफ/१.८ वर सुमारे १४ मिलिमीटर आणि एफ/१.२ वर ९ मिलिमीटर. आता नथ डोक्यात आणा. ती डोळ्याच्या दोन-तीन सेंटीमीटर पुढे असते. एक मीटरवरून १.२ वर डोळ्यावर फोकस धरला की नथीचे मोती विरघळणार, आणि नथीवर धरला की डोळे जाणार. मराठी नवरीच्या जवळच्या फोटोत मुंडावळ्या, नथ आणि डोळे तिन्ही हवे असतील तर एफ/४ किंवा त्याहून बंद अपर्चर लागतं. तिथे पन्नास हजारांची लेन्स आणि पावणेदोन लाखांची लेन्स एकाच रांगेत उभ्या असतात.

जोडप्याच्या फोटोत हाच घोळ वाढतो. दोघांचे डोळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर नसतील तर १.२ वर एकाचा चेहरा मऊ पडतो, आणि बहुतेक वेळा तो ज्याने पैसे दिलेत त्याच्या बाजूचा असतो.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस लॉक करून मग फ्रेम हलवायची जुनी सवय या लेन्सांवर चालत नाही. दीड मीटरवरून कॅमेरा १५ अंश फिरवला की फोकसची पातळी डोळ्याच्या सुमारे ५ सेंटीमीटर मागे पडते. एफ/१.४ वर तिथे शार्प पट्टाच अडीच सेंटीमीटरचा असतो. म्हणून आय-एएफ (डोळा ओळखून आपोआप फोकस) असलेली मिररलेस बॉडी असेल तरच एफ/१.२ च्या पैशाचं चीज होतं. जुन्या डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) ही लेन्स चालते, पण एएफ फाइन-ट्यून, म्हणजे फोकसची जुळणी, करून घ्यावं लागतं आणि कडेचे पॉइंट दगा देतात. शिवाय डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरचा साधा पडदा साधारण एफ/२.८ च्या आसपासचाच ब्लर दाखवतो. १.४ वर काय निघणार ते फोटो काढल्यावर कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरच कळतं.

चौथी पायरी: मागचा ब्लर आपल्या पिशवीत आधीच आहे का?

पैसे वाचतात ते बहुधा या पायरीवर. माणूस चौकटीत तेवढाच मोठा ठेवला आणि मागचं दृश्य बरंच दूर असलं, तर ब्लर किती होणार हे लेन्सच्या उघडीच्या व्यासावर ठरतं. हा व्यास काढायला फोकल लेंग्थला एफ आकड्याने भागायचं. ८५ भागिले १.८ म्हणजे ४७ मिलिमीटर, ८५ भागिले १.४ म्हणजे ६१, ८५ भागिले १.२ म्हणजे ७१. आता २०० भागिले २.८ करून पाहा: तेही ७१.

म्हणजे लग्नवाल्या फोटोग्राफरकडे हमखास असणारी ७०-२०० एफ/२.८, दोनशेवर नेली की, दूरच्या झाडांचा ब्लर ८५ एफ/१.२ इतकाच देते. वर दोनशेवर मागचं दृश्य अरुंद होतं, त्यामुळे विजेचे खांब, टपऱ्या, गाड्या चौकटीबाहेर जातात. अडचण अंतराची. कंबरेपर्यंतच्या फोटोला दोनशेने पावणेपाच मीटर आणि उभ्या फोटोला साडेअकरा-बारा मीटर मागे जावं लागतं. अजिंक्यताऱ्यावर जमेल, कार्यालयाच्या खोलीत नाही. आणि प्रकाशाच्या बाबतीत २.८ ही २.८ च राहते.

१३५ मिमी एफ/१.८ चा व्यास ७५ भरतो, म्हणजे ८५ एफ/१.२ पेक्षाही थोडा जास्त. फुजीच्या ५६ मिमी एफ/१.२ चा ४७, म्हणजे फुल फ्रेमवरच्या साध्या ८५ एफ/१.८ एवढाच. फुजीवाल्यांनी नाराज होऊ नये, प्रकाश त्यांना १.२ चाच मिळतो.

पाचवी पायरी: प्रकाशाचा हिशेब, रात्रीचा आणि भर दुपारचा

एफ/१.८ वरून एफ/१.२ वर गेल्याने सव्वादोन पट प्रकाश मिळतो. ज्या ठिकाणी १.८ ला आयएसओ ६४०० लागत होता तिथे २८०० च्या आसपास भागतं. १.८ वरून १.४ वर ६४०० चा ३९०० होतो. संध्याकाळची वरात, दिव्यांच्या उजेडातली हळद, रात्रीचं रिसेप्शन यांत हा फरक दिसतो. मात्र कार्यालयात तुम्ही फ्लॅश किंवा एलईडी लावूनच काम करत असाल तर या फायद्यातला बराचसा वाया जातो.

दुपारी उलटं होतं. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० वर एफ/१६ ला १/१०० सेकंद, या जुन्या नियमाने एफ/१.८ ला साधारण १/८००० लागतं आणि एफ/१.२ ला जवळजवळ १/१८०००. बॉडीचा मेकॅनिकल शटर १/४००० वरच थांबत असेल तर उन्हात एफ/२.५ च्या पलीकडे उघडताच येत नाही. उपाय दोन: सावली शोधा, किंवा तीन स्टॉपचा, म्हणजे फक्त आठवा हिस्सा प्रकाश आत सोडणारा, एनडी फिल्टर लावा. महागड्या ८५ ला ७७ किंवा ८२ मिमीचा फिल्टर लागतो आणि तोही स्वस्त नसतो. ही रक्कम लेन्सच्या किमतीत आधीच मिळवा. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरची सुरुवात इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करणारी सेटिंग) चालू ठेवून फार वेगवान शटर वापरला तर मागच्या दिव्यांचे गोल एका बाजूने कापल्यासारखे येतात. दोष लेन्सचा नसतो. मेनूतून पूर्ण मेकॅनिकल शटर निवडलं की जातो.

सहावी पायरी: एक दिवस दोन्ही लेन्स हातात घ्या

पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. ओळखीतल्या कोणाकडे असेल तर आणखी बरं. एफ/१.८ ची आणि महागडी अशा दोन्ही, त्याच बॉडीवर, त्याच दिवशी लावायच्या. वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या फोटोंची तुलना म्हणजे उजेडाची तुलना होते.

सकाळी ऊन चढायच्या आत अजिंक्यताऱ्यावर जा. खाली पसरलेल्या शहरातली एखादी ठळक पाटी किंवा खिडकी आधी डाव्या वरच्या कोपऱ्यात घ्या, तिच्यावरच फोकस करा आणि अपर्चर पूर्ण उघडून फोटो काढा. मग तीच पाटी उरलेल्या तीन कोपऱ्यांत आळीपाळीने. ट्रायपॉड हवाच. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर चिंता नाही. एकच कोपरा इतरांपेक्षा स्पष्टपणे वाईट असेल तर त्या नगात आतल्या काचा सरकलेल्या आहेत. महाग लेन्सांतही असे नग निघतात, म्हणून चाचणी नेहमी नगाची करायची. नऊनंतर ही परीक्षा करू नका, तापलेली हवा थरथरते आणि सगळ्याच लेन्सा वाईट दिसतात.

मग रंगीत कडा. स्टीलचा तांब्या किंवा मोत्यांची मुंडावळी उन्हात ठेवा, मधल्या भागावर फोकस करून पूर्ण उघड्या अपर्चरवर फोटो काढा. फोकसच्या पुढच्या चमकत्या कडांवर जांभळी आणि मागच्यांवर हिरवी झाक येते. स्वस्त आणि जुन्या ८५ मध्ये ती जास्त असते, नव्या महागड्यांत बरीच कमी. एडिटिंगमध्ये 'डिफ्रिंज'ने जांभळी झाक काढता येते खरी, पण जांभळा शालू असेल तर त्याच्या कडांचा रंगही सोबत जातो. जरी, चांदीची भांडी, पांढरं धोतर-उपरणं हे ज्यांच्या कामात रोजचं आहे, त्यांना महागड्या लेन्सचा हा गुण एफ/१.२ च्या ब्लरपेक्षा जास्त उपयोगी पडतो. फोकसवर बसलेल्या साध्या शार्पनेसच्या फरकावर मात्र २४ मेगापिक्सेलच्या बॉडीवाल्यांनी फार भाळू नये, तो ४५ मेगापिक्सेलवर जास्त उघडा पडतो.

संध्याकाळी दिव्यांची माळ पाच-सहा मीटर मागे लावा आणि कोणाला तरी पुढे उभं करा. मधले गोल गुळगुळीत आहेत की त्यांच्यात कांद्याच्या चकतीसारखी वलयं दिसतात ते पाहा. कडेचे गोल मांजरीच्या डोळ्यासारखे लंबगोल होणं सगळ्यांतच कमी-अधिक असतं, एफ/२ किंवा २.८ ला ते गोलसर होतात. अपर्चरची पाती किती हा आकडा पूर्ण उघड्या लेन्सला लागूच नसतो, तो थोडं बंद केल्यावर कामाचा. विक्रेते मात्र हाच आकडा आधी सांगतात.

यवतेश्वरच्या बाजूला सूर्य कलताना माणसाच्या मागे सूर्य ठेवून काढलेला फोटो काचेवरच्या कोटिंगची परीक्षा घेतो. चेहरा धुरकट होतो का, केसांचा काळेपणा टिकतो का, एवढं बघायचं.

शेवटी फोकसची परीक्षा, आणि तिला सगळ्यात जास्त वेळ द्या. कोणाला तरी पाच मीटरवरून तुमच्याकडे सावकाश चालत यायला सांगा आणि पूर्ण उघड्या अपर्चरवर सलग २० फोटो घ्या. डोळ्याच्या पापण्या किती फोटोंत शार्प आहेत ते मोजा. हेच दोन्ही लेन्सनी तीन-तीन वेळा. एफ/१.२ च्या लेन्समध्ये हलवायच्या काचा मोठ्या आणि जड असतात. कॅननची ईएफ ८५ मिमी एफ/१.२एल टू याच कारणाने संथ फोकससाठी प्रसिद्ध आहे, तर नव्या मिररलेस लेन्सांत मोटर बरीच सुधारली आहे. महागड्या लेन्सने २० पैकी १२ आणि स्वस्त लेन्सने १८ शार्प दिले, तर तुमच्या बॉडीसाठी स्वस्तच चांगली. मंगलाष्टका संपताना अक्षता हवेत असतात आणि फोकस तांदळावर उडी मारतो. ते दोन्ही लेन्सांत होतं, त्यासाठी कोणाला दोष देऊ नका.

व्हिडिओही करत असाल तर फोकस जवळून दूर नेताना चौकट आत-बाहेर होते का तेही पाहा.

सातवी पायरी: प्रिंट काढा आणि लेन्स न सांगता दाखवा

दोन्ही लेन्सनी एकाच माणसाचे, त्याच उजेडात, त्याच चौकटीत फोटो घ्या: महागडी १.२ वर, महागडी १.८ वर, स्वस्त १.८ वर, आणि दोन्ही २.८ वर. उजेड आणि रंग एडिटिंगमध्ये सारखे करा, नाहीतर लोक उजळ फोटो निवडतात. १२ बाय १८ इंचाची प्रिंट काढा, कारण १२ बाय ३६ च्या अल्बमचं एक पान तेवढंच असतं. ३०० डीपीआयने त्याला साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात, म्हणजे २४ मेगापिक्सेल पुरतात. मागे फक्त आकडे लिहा.

हे फोटो फोटोग्राफरला दाखवू नका. ज्यांची लग्नं तुम्ही काढता तशा घरातल्या तीन-चार माणसांना दाखवा आणि 'कोणता घरात लावाल?' एवढंच विचारा. बहुतेक जण चेहऱ्यावरच्या हावभावावर बोलतील, काही जण साडीच्या रंगावर. १.२ चा फोटो जर सगळ्यांनी उचलला तर लेन्स तुमच्या धंद्यात बोलते आहे. १.८ आणि १.२ यांत कोणालाच निवड करता आली नाही, तर ते पैसे एका चांगल्या सॉफ्टबॉक्सवर, दुसऱ्या फ्लॅशवर आणि ४२ इंची रिफ्लेक्टरवर घाला. डोळ्यांखाली काळी सावली पडलेला चेहरा कुठल्याही लेन्सने उजळत नाही.

आठवी पायरी: भाडं की खरेदी

आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, तुम्ही आपले घाला. समजा महागडी १,८०,००० ची आणि चार वर्षांनी १,१०,००० ला विकली जाईल: वर्षाला १७,५०० ची घट. साधी ५०,००० ची, चार वर्षांनी ३०,००० ला: वर्षाला ५,०००. म्हणजे महागडीचा जादा भार १२,५०० रुपये. भाडं समजा दिवसाला १,५००. साताऱ्याहून पुण्याला आदल्या दिवशी आणायला जावं लागतं, म्हणून दोन दिवसांचं धरा, ३,०००, अधिक ५०० प्रवास. एका कामाला ३,५००. वर्षाला चार कामांना ती लेन्स खरोखर लागत असेल तर खरेदी परवडते.

पण १,३०,००० चा फरक कर्जाने किंवा हप्त्याने भरणार असाल तर १२ टक्क्यांनी पहिल्या वर्षी १५,६०० पर्यंत व्याजच जाईल. मग बरोबरी साधायला जवळजवळ आठ कामं लागतात. चारवरून आठवर उडी व्याजाने मारलेली आहे, लेन्स तीच आहे. जीएसटी नोंदणी असेल आणि तुम्ही नियमित योजनेत असाल, तर बिल व्यवसायाच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह घ्या. लेन्सवर १८ टक्के कर असतो. १,८०,००० मध्ये तो सुमारे २७,४५० रुपये होतो आणि तो वळता करून घेता येतो. बिल नुसत्या तुमच्या नावाने आलं तर हे पैसे गेले.

वजनही खर्चातच धरा. निकॉनची झेड ८५ मिमी एफ/१.८ एस ४७० ग्रॅम, आणि झेड ८५ मिमी एफ/१.२ एस ११६० ग्रॅम. सकाळी सहाच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत ती गळ्यात असते. सोनीने २०१६ च्या ८५ मिमी एफ/१.४ जीएमचं ८२० ग्रॅम वजन २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ६४२ ग्रॅमवर आणलं. बऱ्याच जणांना मधला १.४ चा पर्यायच सगळ्यात जमतो, सिग्माची ८५ मिमी एफ/१.४ डीजी डीएन त्यांतलीच.

नववी पायरी: जुनी घेत असाल तर

मोबाइलचा टॉर्च मागून लावा, अपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा किंवा कापसासारखे ठिपके म्हणजे बुरशी, तो सौदा सोडा. ती कोटिंग खाते आणि साफ केल्यावरही डाग राहतो. सगळ्या काचेवर धूसर पातळ थर दिसत असेल तरी सोडा. अपर्चरच्या पात्यांवर तेल चमकतंय का, माउंटच्या (बॉडीला जोडणाऱ्या कड्याच्या) स्क्रूंवर ओरखडे आहेत का (म्हणजे लेन्स उघडलेली आहे), फिल्टरच्या कड्याला पोचा आहे का, हे बघून घ्या. बिलावरचा अनुक्रमांक लेन्सवरच्याशी जुळला पाहिजे.

बॉडी सोबत नेल्याशिवाय सौदा करू नका. कॅननच्या त्या जुन्या एफ/१.२एल टूची फोकस रिंग बॉडीच्या विजेशिवाय फिरून काहीच करत नाही, त्यामुळे हातात धरून तपासताच येत नाही. निकॉनच्या जुन्या 'डी' मालिकेतल्या ८५ मिमी स्वस्त मिळतात, पण डी३५००, डी५६०० सारख्या बॉडींवर त्या ऑटोफोकस करत नाहीत. एफटीझेड अडॅप्टरने निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीवर लावल्या तरीही नाही. 'एएफ-एस' लिहिलेली असेल तर चालते.

नवी घेताना बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळत असेल तर भारतातलं वॉरंटी कार्ड आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.

घरी आणल्यावर

साताऱ्यात लेन्सला दोन शत्रू आहेत. पश्चिमेला महाबळेश्वर-जावळीचा पाऊस आणि धुकं, पूर्वेला माण-खटावची धूळ. महागड्या लेन्सच्या माउंटला रबरी कडं असतं. त्याचा खरा उपयोग पालच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो तेव्हा किंवा हळदीत कळतो. पण बॉडीला सीलिंग नसेल तर अर्धी वाट उघडीच राहते, आणि बऱ्याच लेन्सांत पुढचा फिल्टर लावल्यावरच सीलिंग पुरं होतं. भंडाऱ्यात लेन्स बदलू नका. काचेवर पूड बसली तर आधी ब्लोअर, मग ब्रश, आणि कापड सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर हळद काचेवर घासली जाते.

पावसाळ्यात लेन्स बॅगेत ठेवायची नाही. बॅगेचा फोम ओल धरून ठेवतो. ड्राय कॅबिनेट नसेल तर रबरी झाकणाचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. साठच्या वर रेंगाळू लागला की जेल तापवून कोरडं करा. महाबळेश्वरहून गार लेन्स घेऊन खाली उतरलात तर बॅग लगेच उघडू नका, अर्धा-पाऊण तास बंद राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं.

आणि कोपऱ्यांची, चालत्या माणसाची अशा दोन्ही चाचण्या नव्या नगावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच पुन्हा करा. दुकानदार नग बदलून देण्याची मुदत थोडीच देतो, आणि भाड्याच्या लेन्सवर पास झालेली परीक्षा तुमच्या नगाला लागू होत नाही. खोकं, थर्माकोल आणि बिल तोवर फेकू नका.